राखेच्या बुधवारी राख नव्हती

आमच्या चर्चच्या फाटकावर एक पाटी आहे : ‘या आवारात काहीही जाळू नये.’ अक्षर माझं. शाळेत फळा लिहून लिहून हात बसलेला, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पाटी लावली त्या दिवशी फादरांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्षातून एकदा आम्हाला स्वतःलाच इथं काहीतरी जाळावं लागतं, हे त्या गर्दीत एकाच्याही डोक्यात आलं नाही. फादरांच्याही नाही, आणि ते तर त्याच विषयाचं शिक्षण घेऊन आलेले.

आमचं धर्मग्राम, म्हणजे एका चर्चला जोडलेली वस्ती, कवठे महांकाळच्या बाजूला, माळावर. कॅथलिक घरं मोजकीच. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, उशीर झाला तर कोण आलं नाही हे वेदीवरून नुसतं बघून कळतं, आणि फादर ते बोलूनही दाखवतात. अशा ठिकाणी बिशपांकडून निरोप आला, की देवाने दिलेल्या पृथ्वीची काळजी घेण्यासाठी प्रत्येक धर्मग्रामात एक मंडळ असावं. आम्ही लगेच मंडळ काढलं. मंडळ काढण्यात आमच्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. कामाचं नंतर बघू.

अध्यक्ष झाल्या एक निवृत्त परिचारिका. उभा जन्म सांगलीत दवाखान्याच्या वॉर्डात गेला, त्यामुळे त्यांना दोनच प्रकारची माणसं माहीत : सांगितलेलं ऐकणारी आणि इंजेक्शन देऊन ऐकायला लावायची. सगळे त्यांना ‘सिस्टरबाई’ म्हणतात. सिस्टर म्हटलं तर कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर वळून बघतात आणि बाई म्हटलं तर मी, म्हणून दोन्ही जोडून. मी त्यांची सचिव, म्हणजे पाट्या लिहिणारी.

पहिल्या नाताळला थर्माकोल बंद झाला. बाळ येशूचा गोठा यंदा खऱ्या कडब्याचा करायचा असं ठरलं. झालाही देखणा. पण चर्चच्या मागे ज्या मेंढपाळाचं घर आहे त्याच्या दोन शेळ्यांना तो आमच्याहून जास्त आवडला. नाताळच्या सकाळी बघतो तर छप्पर गायब, बाळाला बघायला आलेले तीन राजे उघड्यावर, आणि बाळ येशूच्या अंगाखालचं अंथरूणसुद्धा खाल्लेलं. मेंढपाळ हात जोडत आला. सिस्टरबाई त्याला रागावणार तेवढ्यात माझे सासरे म्हणाले, “आवं, गोठा केला तुमी, मग जनावर यायचंच की. बिनजनावराचा गोठा कवा बघितलाय का?”

सासऱ्यांना मी मामंजी म्हणते. बाकी सगळे सुभेदार. फौजेतून निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी दाढी पहाटेच होते आणि चपला दारात रांगेत उभ्या असतात. माझे यजमान त्यांच्यामागून फौजेत गेले, ते सध्या बाहेर पोस्टिंगवर. लेक साताऱ्याला वसतिगृहात. त्यामुळे घरात मी आणि मामंजी दोघंच. मंडळाच्या प्रत्येक कामाला ते नाक मुरडत आणि प्रत्येक कामाला वेळेआधी हजर असत. कागदी पेले बंद करून घरटी स्टीलचे पेले आणायचा नियम झाला तेव्हा त्यांनी आपल्या पेल्याच्या बुडाला खिळ्याने फुली मारली. बाकीच्यांनी मारली नाही. कुणाचा पेला कुणाकडे गेला यावरून दोन घरांत अजून बोलणं नाही, आणि आम्ही पृथ्वी वाचवतोय.

सासूबाई होत्या तोवर मामंजींची ही तिरकी बोलणी घरातच जिरायची. सासूबाई हाताच्या फार कसबी. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, ओढ्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या आशीर्वादित करून घरोघरी वाटतात. बाकीचे त्या तशाच तसबिरीमागे खोचतात. सासूबाई पाती सोलून त्यांचा क्रूस विणायच्या. विणून झाला की मामंजी हातात धरून तपासायचे आणि दर वर्षी तेच म्हणायचे, “उजवा हात आखूड झालाय. फौजेत घ्येतला नसता ह्याला.” सासूबाई म्हणायच्या, “आवं, मग घरी राहू द्या की. एक गेलाय तेवढा बास.” हे संभाषण मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकलं. माझी खात्री आहे, त्या मुद्दाम एक हात आखूड ठेवत.

शेवटचा क्रूस विणला आणि त्याच वर्षी, गणपतीच्या आसपास, त्या गेल्या. आजार फार लांबला नाही. मामंजी कुणापुढे रडले नाहीत. फक्त एक झालं. गुडघे धरायला लागल्यापासून सासूबाई चर्चमध्ये बायकांच्या बाजूला पुढच्या बाकावर कडेला बसत, आणि त्यांना उठायला हात द्यायचा म्हणून मामंजीही पुरुषांची बाजू सोडून त्यांच्या शेजारी बसत. सासूबाई गेल्यावर मामंजी त्याच बाकावर बसत राहिले, शेजारची जागा रिकामी सोडून. सगळ्या बायकांत एकटा मिशीवाला माणूस. कुणी सरकून बसायला गेलं की म्हणायचे, “जागा हाय ती.” नाताळला चर्च भरून लोक दारात उभे होते, तरी ती जागा मोकळीच. सिस्टरबाईंचीसुद्धा काही बोलायची हिंमत झाली नाही. मी मागच्या बाकावर बसत असे. एकदा शेजारी बसायला गेले तर मलाही तेच ऐकावं लागलं, आणि मला ते लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

आता राखेचं सांगते. ज्यांना आमची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी. ईस्टरच्या आधी आमचा उपवासकाळ असतो. तो सुरू होतो राखेच्या बुधवारी. त्या दिवशी फादर प्रत्येकाच्या कपाळाला राख लावतात आणि म्हणतात, तू माती आहेस आणि मातीत परत जाशील. ही राख चुलीतली नव्हे. गेल्या वर्षीच्या आशीर्वादित झावळ्या लोक आदल्या रविवारी चर्चमध्ये परत आणतात, त्या जाळून ती करतात. म्हणजे वर्षभर आपल्या घरात राहिलेली झावळी शेवटी आपल्याच कपाळाला लागते.

मामंजी तो आखूड हाताचा क्रूस देतील असं मला वाटलं नव्हतं. फादरांनीही घरी येऊन सांगितलं, की सुभेदार, हा ठेवा तुम्ही, सक्ती नाही. मामंजींनी तसबिरीमागचा क्रूस काढून हातात घेतला. मग म्हणाले, “न्हाई फादर. दर वर्साला देतुया, औंदाबी देणार. त्याची राख माज्या कपाळाला लागंल, मग मी म्हणीन का तिला सोडली. तवर न्हाई सोडली म्या.” फादर तरुण आहेत, विरघळलेली साखर ढवळत राहिले. त्यांनी चहा घेतला आणि गेले.

त्या रविवारी मामंजींनी क्रूस इस्त्रीच्या रुमालात गुंडाळून आणला. वेदीपुढच्या टोपलीत सगळ्यांनी झावळ्या टाकल्या. मामंजींनी रुमाल सोडून, क्रूस अलगद वर ठेवून, एक पाऊल मागे घेऊन सलाम केला. चर्चमध्ये सलाम करायची रीत नाही. पण कुणी हसलं नाही. मिस्सा संपल्या संपल्या मी खंडाळ्याची एसटी धरली, माहेरी भाच्याचा साखरपुडा होता. फादरांनी टोपली व्हरांड्यात ठेवली आणि ते दुसऱ्या वाडीवर मिस्सेला गेले.

आणि दुपारी मंडळाचं श्रमदान होतं. क्रूस देऊन घरी गेलेले मामंजी त्याला आले नाहीत, पहिल्यांदाच.

ते श्रमदान कसं झालं असेल हे मी डोळे मिटून सांगू शकते. सिस्टरबाई कमरेला पदर खोचून उभ्या. आवारात पडलेलं प्रत्येक वाळकं पान खतखड्ड्यात गेलं पाहिजे, हा नियम. व्हरांड्यात टोपलीभर वाळक्या झावळ्या. सकाळी वेदीपुढे आपणच टाकलेल्या, हे नियमापुढे कुणाला आठवलं नाही. शिंदी चिवट असते, लवकर कुजत नाही, म्हणून बोटाएवढे तुकडे करायचे, हे आम्ही प्रशिक्षणात शिकलेलो. शिकवलेलं आमचे लोक सहसा विसरतात, पण त्या दिवशी नेमकं कुणीच विसरलं नाही. झावळ्यांचे तुकडे झाले, मेंढपाळाकडून लेंड्या आल्या, वरून शेणकाला ओतला, पोत्याने झाकलं. एवढं चोख काम मंडळाने आजवर दुसरं केलेलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी मी परत आले आणि पिशवी घेऊनच चर्चमध्ये डोकावले. फादर हातात काडेपेटी घेऊन व्हरांड्यात इकडेतिकडे बघत होते, सिस्टरबाई पायरीपाशी उभ्या होत्या.

“सिस्टरबाई, झावळ्या कुठं ठेवल्या?” त्यांनी विचारलं.

“ठिवतीय कशाला? फादर, आवारात एक वाळकं पान घावायचं न्हाई तुमास्नी!” सिस्टरबाईंची मान अभिमानाने ताठ. मग त्यांची नजर काडेपेटीवर गेली. मग माझ्याकडे. मग फाटकावरच्या पाटीकडे. मी त्यांना कधी खाली बसताना बघितलं नव्हतं, त्या दिवशी पायरीवर मटकन बसल्या.

फादरांनी काडेपेटी खिशात ठेवली. रागावणार कुणावर? पाटीला पाणी त्यांनीच शिंपडलं होतं. थोड्या वेळाने त्यांनी साताऱ्याकडच्या एका फादरांना फोन लावला. आमच्याकडे राख नाही, हे त्यांना तीनदा सांगावं लागलं. पलीकडून हसण्याचा आवाज आम्हा दोघींनाही ऐकू आला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने, कंडक्टरच्या हाती, च्यवनप्राशच्या डब्यातून राख यायचं ठरलं.

राखेची सोय झाली. बाकीच्यांना राख साताऱ्याची काय आणि इथली काय. पण एका माणसाला चालणार नव्हती, आणि त्याला सांगायचं कुणी हा प्रश्न होता. सिस्टरबाईंनी आयुष्यभर लोकांना वाईट बातम्या सांगितलेल्या. त्या म्हणाल्या, “बाई, तू सांग. माजी जीभ न्हाई उचलायची.”

जेवताना मी सांगितलं. मामंजींनी घास खाली ठेवला. मला वाटलं आता आवाज चढेल. खरं तर चढावा असंच वाटत होतं. त्यांनी चौकशी सुरू केली.

“किती बारीक क्येलं?”

“बोटाएवढं.”

“कोयता कुनाचा व्हता?”

“आपलाच. तुम्हीच दिला होता ना शनिवारी धार लावून.”

“व्हय की,” ते म्हणाले. “मग तुकडं सरळ झालं असतील.” आणि हात धुवायला उठले. ताटात भाकरी तशीच होती. मला त्या क्षणी त्या मंडळाचा, त्या पाटीचा, बोटाएवढ्या तुकड्यांचा इतका संताप आला की वाटलं, आत्ता जावं आणि ती पाटी उपटून पहिली तीच जाळावी. राग काढायला दुसरं काही नव्हतं म्हणून भांडी आपटली.

बुधवारी शाळा सुटल्यावर चर्चवर गेले तर सिस्टरबाई खतखड्ड्यापाशी. हातात रबरी मोजे, नाकाला रुमाल. सकाळपासून खड्डा उपसत होत्या. शेजारी स्टीलच्या ट्रेमध्ये शेणाने माखलेले शिंदीचे तुकडे ओळीने मांडलेले, ऑपरेशनला हत्यारं मांडतात तसे. विणीची खूण दिसते का ते एकेक तुकडा धुऊन बघत होत्या.

“ह्यो बघ, ह्यो वळलेला वाटतुया का?” त्यांनी मला एक तुकडा दाखवला. तो कुणाच्याही झावळीचा असू शकला असता. मी तसं म्हटलं. त्यांनी तो तुकडा पुन्हा ओळीत ठेवला आणि दुसरा उचलला. त्यांच्यावरचा माझा राग तिथंच उतरला. मीही पदर खोचला आणि बसले. आम्हाला काही सापडलं नाही.

मिस्सेची घंटा व्हायच्या आधी मामंजी आले. पांढरा कडक सदरा, दाढी घोटलेली. खड्ड्याजवळ आम्हा दोघींना बघून थांबले. सिस्टरबाई पटकन उभ्या राहिल्या. त्यांच्या मोज्यांतून शेण गळत होतं.

“सुभेदार,” त्या म्हणाल्या, “माजं चुकलं. लय चुकलं. सकाळधरनं बघतीया, घावंना.”

मामंजींनी ट्रेकडे बघितलं. वाकून एक तुकडा उचलला, उलटसुलट केला, परत ठेवला. मग खड्ड्याकडे बोट केलं.

“ह्यातच हाय न्हवं ती?”

“ह्यातच. भाईर काय बी टाकलं न्हाई आमी.”

“मग झालं तर.”

ते उकिडवे बसले, सदऱ्याची बाही वर केली, खड्ड्यात हात घातला आणि खालचा चिमूटभर ओला काला उचलला. अंगठ्याने कपाळाला लावला. आडवा, उभा, नीट क्रूस. मग हात झटकून आत गेले. सिस्टरबाईंनी पहिल्यांदा मोजे काढले, मग डोळे पुसले. क्रम चुकला नाही.

आत बाकावर मामंजी आपल्या जागेवर. शेजारची जागा रिकामी. मागच्या बायका नाकाला पदर लावून एकमेकींकडे बघत होत्या. च्यवनप्राशचा डबा वेदीवर होता. फादरांनी झाकण उघडलं आणि राखेलाही गोडसर वास आला. त्यामुळे त्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये जो काही वास होता तो मला शब्दांत सांगता येणार नाही. शेळ्या तेवढ्या आल्या नाहीत.

रांग लागली. मामंजी फादरांसमोर उभे राहिले. फादरांचा राखेचा अंगठा वर गेला आणि थांबला. कपाळावर शेणाचा क्रूस, अजून ओला. फादर खड्ड्याशी नव्हते, त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी एकदा मामंजींच्या डोळ्यांत बघितलं, एकदा दारातल्या आमच्याकडे, आमच्या हातांकडे. त्यांना कळलं. त्यांनी त्या शेणाच्याच क्रुसावरून साताऱ्याची राख ओढली.

“तू माती आहेस,” फादर म्हणाले, “आणि मातीत परत जाशील.”

“व्हय फादर,” मामंजी म्हणाले. तिथं ‘आमेन’ म्हणायचं असतं.

मी राख घेऊन परतले आणि नेहमीसारखी मागच्या बाकाकडे वळले. मामंजींनी मान न वळवता हाताने बाकावर थापटलं. मला वाटलं काही पडलंय ते दाखवतायत. त्यांनी पुन्हा थापटलं.

“बस हितं,” ते म्हणाले. “जागा मोकळी हाय.”

मी बसले. सासूबाई बसायच्या तिथं, कडेला. गाणं सुरू झालं. थोड्या वेळाने मामंजी माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, “लय वास येतुया का गं?”

“येतोय,” मी म्हटलं.

“येऊ दे,” ते म्हणाले, आणि पुढच्या कडव्याला त्यांनी आवाज लावला. त्यांचा सूर कधीच बरोबर नसतो, त्या दिवशीही नव्हता. पुढच्या रविवारी ते पुरुषांच्या बाजूला जाऊन बसले.